एकोणतिसाव्या आठवड्याची सावड

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नाहीतर सगळे मिळून तेच सांगतील, आणि माझी चूक दुसऱ्यानं सांगितलेली मला अजिबात खपत नाही.

भोरच्या कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट आणि बऱ्यापैकी इंग्रजी एवढ्या भांडवलावर अठ्ठ्याण्णव साली मला वेल्ह्याच्या पुढच्या रानशीळ रिसॉर्टात नोकरी लागली. रोज सकाळी भोरहून नसरापूर, तिथं एसटी बदलून वेल्हे, आणि पुढचे चार किलोमीटर अब्बांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी टेम्पोत, कधी कांद्याच्या गोणीवर तर कधी शेळीच्या शेजारी. मॅनेजर म्हणायचे, "नुजहत, रिसेप्शनवर हसतमुख राहायचं असतं." मी म्हणायचे, "साहेब, दोन एसट्या आणि एक शेळी करून या, मग हसून दाखवा."

रानशीळ हे साधं हॉटेल नव्हतं. तिथं माणसं खोली नाही, आठवडा विकत घ्यायची. वर्षाचे बावन्न आठवडे, प्रत्येकाला नंबर. एकदा पैसे भरले की तुमच्या नंबरचा आठवडा पंचवीस वर्षं तुमचा. दरवर्षी त्याच डोंगराकडे बघून कंटाळा आला, तर आपला आठवडा मुंबईच्या अदलाबदल कंपनीकडे जमा करायचा आणि बदल्यात देशातल्या कुठल्याही रिसॉर्टात तेवढाच आठवडा घ्यायचा. माहितीपत्रकात 'कुठल्याही' हा शब्द लाल अक्षरांत छापला होता. जे लाल अक्षरांत छापतात ते खोटं असतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

रिसॉर्टचा जेवणाचा हॉल जिथं उभा आहे, ती दीड एकर वरकस जमीन रखमाजी मामांची. तिच्यात करवंदाच्या जाळ्या आणि दगड सोडून काही आलं नव्हतं. कंपनीनं तिचा भाव दिला, आणि वर मेहेरबानी म्हणून एक आठवडा फुकट दिला. नंबर एकोणतीस. म्हणजे जुलैचा तिसरा आठवडा. वेल्ह्यात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात काय असतं ते वेल्हेकरांना विचारा. तोरणा आठ-आठ दिवस दिसत नाही, वीज जाते, आणि न्हाणीघरात आपल्या आधी बेडूक आंघोळीला बसलेला असतो.

कागदावर सही करायच्या आधी मामांनी मला विचारलं, "पोरी, आठवडा दिला म्हंजी काय दिलं म्हनायचं? हातात तर काय बी न्हाई."

मॅनेजरांनी मला खूण केली, लवकर आटप. आणि मी आटपलं. म्हणाले, "मामा, सावडीसारखं आहे. तुमचा आठवडा दुसऱ्याला द्यायचा, त्याचा तुम्ही घ्यायचा."

मामांचा चेहरा उजळला. सावड म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाताच्या लावणीला आज तुमच्या खाचरात दहा माणसं येतात, उद्या त्यांच्या खाचरात तुम्ही जाता. मजुरी नाही, कागद नाही, दिवसाला दिवस. माझ्या किकवीच्या आजोळी एकानं तीस वर्षांपूर्वी सावडीचा एक दिवस बुडवला होता. अजून त्याच्या नातवाला लोक त्यावरून ओळखतात. मामांनी लगेच सही केली, चांगली वीतभर लांब.

मामांची बायको सखूबाई आमच्याच रिसॉर्टात भाकऱ्या थापायची. 'चुलीवरची अस्सल भाकरी' अशी पाटी होती, आणि लोकांना बघता यावं म्हणून चुलीपुढे मोठी काच बसवली होती. हॉलमधली माणसं जेवता जेवता काचेतून सखूबाईकडे बघायची, फोटो काढायची. साध्या दिवशी सत्तर भाकऱ्या, एकतीस डिसेंबरला दोनशे. मग घरी जाऊन घरच्या बारा.

"मामी, कुठं जायचं आठवडाभर?" मी हौसेनं विचारलं. "महाबळेश्वर? गोवा?"

"कुठं बी," ती म्हणाली.

"कुठं बी म्हणजे?"

"जितं मला चूल दिसनार न्हाई तितं." तिनं हातातलं पीठ झटकलं. "सात दिस. म्या नुसतं बसायचं. फुड्यात ताट यायचं, आन् कुनीतरी म्हनायचं, 'आनखी घ्या की.' लगीन झाल्यापासनं ह्ये म्याच म्हनतीया. मला अजून कुनी म्हनलं न्हाई."

"माहेरी?"

"माहेरी गेलं की वैनी माहेराला जाती."

"बाळंतपणात तरी?"

"तवा सासू पडली आजारी."

मामा दारात उभे होते. एकेचाळीस वर्षांचा संसार, पण हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, "सात दिस आयतं ताट. दिला सबूद. सावड हाय, कुनी मोडत न्हाई." आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मूर्ख कुठली!

नव्व्याण्णवच्या जानेवारीत मी त्यांचा आठवडा जमा केला आणि मे महिन्याचं महाबळेश्वर मागितलं. तीन आठवड्यांनी फॅक्स आला: उपलब्ध नाही. डिसेंबरातलं गोवा मागितलं. उपलब्ध नाही. मग मी हात आखडता घेतला. लोणावळा, कुठलाही महिना? नाही. अलिबाग, भर पावसात? तेही नाही. सहाव्या फॅक्सला माझं डोकं सटकलं आणि मी रिसॉर्टच्या खर्चानं मुंबईला एसटीडी लावला.

पलीकडची मुलगी फार गोड बोलायची. गोड बोलणाऱ्यांवर मला जास्त राग येतो.

"मॅडम, तुमचा आठवडा निळा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. सगळ्यांना हवेसे आठवडे लाल, मधले पांढरे, कुणालाच नको असलेले निळे. पण नुसत्या रंगावर भागत नाही. त्या ठिकाणाला किती माणसं मागतात आणि तिथले किती आठवडे पडून आहेत, खोली केवढी, खोलीत स्वयंपाकघर आहे का, आठवडा किती आधी जमा केला, आणि पाहुण्यांनी जाताना कार्डावर किती गुण दिले, या सगळ्याची कॉम्प्युटर बेरीज करतो. त्यातून तुमच्या आठवड्याची ताकद ठरते. मग तुमच्याएवढ्या किंवा तुमच्याहून कमी ताकदीचे आठवडेच तुम्हाला दाखवले जातात.

"आणि जास्त ताकदीचे?"

"ते स्क्रीनवर येतच नाहीत, मॅडम. सदस्यांना वाईट वाटू नये म्हणून."

आमच्या कार्डांवरचे गुण मला पाठ होते, कारण ती पाकिटं मीच पोस्टात टाकली होती. मागच्या जुलैत एका पुणेकरानं लिहिलं होतं, 'रस्ता वाहून गेला, आम्ही थोडक्यात राहिलो.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'तोरणा किल्ला दिसतो असे म्हणतात. आम्हाला समोरची खोलीही दिसली नाही.' तिसऱ्यानं बेडकाकडूनही भाडं घ्यावं अशी सूचना केली होती.

हे सगळं मी मामांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"गेनबाची बायको लावनीला येती," ते म्हणाले. "हात हळू, त्वांड जोरात. तरी तिचा दिस त्यो दिसच धरत्यात. तिच्या दिसाला अर्धा दिस फेडला तर गेनबा बोलंल का आपल्याशी?"

"नाही."

"मग? मुंबईवाले नवीन हायेत. शिकत्याल."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागाशी मला बोलता येतं.

जूनमध्ये दोन फॅक्स एकदम आले. पहिल्यात लिहिलं होतं की कॉम्प्युटरनं देशभर शोध घेऊन आमच्या सदस्यासाठी दोन जागा काढल्या आहेत. पहिली जागा: रानशीळ रिसॉर्ट, वेल्हे, आठवडा एकतीस. मी तीनदा वाचलं. काश्मीरपासून केरळपर्यंत हिंडून तो कॉम्प्युटर आमच्याच अंगणात येऊन बसला होता.

"म्हंजी म्या हितंच यायचं आन् हितंच ऱ्हायचं?" सखूबाईनं विचारलं. "मग भाकरी कोन थापनार?"

"तूच," मॅनेजर म्हणाले. "दुसरं कोण आहे?"

दुसरी जागा चंद्रपूरजवळच्या एका तलावाकाठी, पुढच्या वर्षीच्या मे महिन्याचा दुसरा आठवडा. भर मे महिन्यात चंद्रपूर म्हटल्यावर कॉम्प्युटरनंही ताकदीचा काटा आमच्या पावसाएवढाच खाली आणला असणार. पण ऊन सखूबाईला चालणार होतं. मी उत्साहानं पुढे वाचलं: "प्रशस्त खोली, कूलर, आणि सुसज्ज स्वयंपाकघर. गॅस, ओटा, भांडी."

"थांब," सखूबाई म्हणाली. "ओटा?"

"खोलीतच. त्यानं ताकद वाढते, मामी."

"कुनाची?"

ती एवढंच म्हणाली आणि काचेमागे निघून गेली. त्या दिवशी भाकऱ्या जाड आल्या, आणि मला फार वाईट वाटलं. दीड दिवसाचा प्रवास करून परक्या मुलखात पुन्हा ओट्यापुढेच उभं राहायचं, हे मी तिला हसून वाचून दाखवलं होतं.

मामांचं लक्ष मात्र दुसऱ्या फॅक्सकडे होतं. त्यात फक्त कळवलं होतं की आठवडा क्रमांक एकोणतीस चंद्रपूरचे सदस्य केशवराव यांना देण्यात आला आहे, सोबत पत्नी शुभाताई. चंद्रपूरचा तो मे महिन्यातला आठवडा त्यांचाच होता.

"आमच्या आठवड्यात त्ये येनार?"

"हो."

"मग सुटलं की! ज्यानं खाल्लं त्यानं फेडायचं. त्याच्या मंडळींनी वाढायचं, हिनं जेवायचं."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, मामा, तसं नसतं. त्यांचं तुमचं काही देणंघेणं नाही. त्यांनी आठवडा कंपनीला दिला, तुम्ही कंपनीला दिला, मधे कॉम्प्युटर आहे.

"सावड मानसामानसात असती," मामा म्हणाले. "कॉम्पुटर काय चिखलात उतरतो का?"

सतरा जुलैला मामा लावणी सोडून दोन छत्र्या घेऊन वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर उभे राहिले. केशवराव म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, पँटीत शर्ट खोचलेले गृहस्थ. त्यांनी मामांना रिसॉर्टचा माणूस समजून बॅग त्यांच्या हातात दिली. मामांनाही ते रीतसरच वाटलं. पाहुण्याची बॅग आपण नाही तर कोण घेणार? वाटेत त्यांनी ओळख करून दिली, "म्या रखमाजी. आठवडा माझा हाय." केशवरावांना वाटलं, ही रिसॉर्टची जाहिरात असावी. तेही हसून म्हणाले, "आमचाही!"

त्या दोघांसारखे पाहुणे मी नंतर कधी पाहिले नाहीत. बाकीचे लोक पावसाला शिव्या देत पत्ते कुटत बसायचे, हे दोघं व्हरांड्यात खुर्च्या टाकून पाऊस बघायचे. "आमच्याकडे मे महिन्यात नळाला तोंड लावलं तर गरम हवा येते," केशवराव मला म्हणाले. "हा रोजच पडतो? ह्याचे वेगळे पैसे नाही नं?" शुभाताई तर मुद्दाम छत्री न घेता हॉलपर्यंत चालत यायच्या आणि ओल्या पदरानं जेवायला बसायच्या.

रोज सकाळी मामा खाचरातून थेट त्यांच्या दाराशी यायचे, गुडघ्यापर्यंत चिखल. "झोप लागली? जेवान बरं व्हतं? आज दुसरा दिस." दुसऱ्या सकाळी, "आज तिसरा दिस." केशवराव खूश. मला म्हणाले, "सर्व्हिस भारी आहे तुमची. वारसुद्धा लक्षात ठेवावा लागत नाही." तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. एरवी कंडक्टरपासून कलेक्टरपर्यंत कुणालाही सुनावणारी मी, तिथं मात्र शेपूट घातलं.

चौथ्या दिवशी केशवरावांचं मन भरून आलं, आणि आपण सगळे जे म्हणतो तेच ते म्हणून गेले: "या नं एकदा आमच्याकडे चंद्रपूरला!"

आता, या वाक्याचा अर्थ 'बरंय, निघतो' असा असतो. शहाणी माणसं 'येऊ की' म्हणतात आणि जन्मात येत नाहीत.

"येतू की," मामा म्हणाले. "मेच्या दुसऱ्या आठवड्यात. दोघं. सात दिस."

केशवरावांच्या बशीतला चहा खाली सांडला. "सात?"

"तुमचं सात, आमचं सात. आन् ही चुलीपाशी जानार न्हाई बरं का. तुमच्या मंडळींनी वाढायचं."

अर्ध्या तासात मी मॅनेजरांच्या खोलीत उभी होते. केशवरावांनी तक्रार केली होती, की एक चिखलानं माखलेला वृद्ध गृहस्थ रोज सकाळी दिवस मोजतो आणि आता सहकुटुंब राहायला येणार म्हणतो. लेखी तक्रार मागाहून देतो.

"हे कार्डावर जाणार!" मॅनेजर ओरडले. "आपले उरलेसुरले गुण जाणार! आधीच आपण निळे!"

"निळ्याच्या खाली कुठला रंग असतो, साहेब?"

"गप्प बस! तक्रार मुंबईला गेली, तर पाहुण्याला त्रास दिला म्हणून त्या म्हाताऱ्याचं सदस्यत्व रद्द. म्हातारीची चूल बंद. आणि तूही घरी. जा, समजूत घालून ये."

मी तशीच पावसातून त्यांच्या खोलीवर गेले. केशवराव तक्रारीची स्वच्छ प्रत लिहायला रिसेप्शनवर बसले होते. शुभाताई एकट्याच होत्या. मी समजूत घालायला गेले होते, पण मला ते जमत नाही, त्यामुळे मी भांडले. म्हटलं, तक्रार करायची तर माझी करा, त्या म्हाताऱ्यांची नको. सावड मी म्हणाले. मग जमिनीपासून फॅक्सपर्यंत सगळं सांगितलं, आयत्या ताटाचंही सांगितलं, आणि सांगता सांगता मला रडू आलं. रागाचं होतं, पण रडूच होतं.

"भाकरी करते तीच का?" शुभाताईंनी विचारलं. "काचेमागची?"

"हो."

त्यांनी एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आठ वर्षं झाली यांनी हे घेऊन," मग त्या म्हणाल्या. "घराजवळचा आठवडा घेतला, स्वस्त पडला म्हणून. आणि स्वयंपाकघराची खोली घेतली, तिला वजन जास्त म्हणून. बदल्यातही मग तशीच खोली मागायची, आपलं वजन वाया जाऊ नये म्हणून. कोडाईकनालला धुक्यात मी उपमा केला. राजस्थानात जून महिन्यात वरणभात केला. बाप्पा, जूनमधलं राजस्थान कोणीच पाहिलं नाही, आम्ही पाहिलं. मी तर तेही ओट्यावरच्या खिडकीतून पाहिलं."

"आणि इथं?"

"या वेळी तशी खोली मिळालीच नाही, इथं ओटाच नाही! चार दिवस आयतं जेवून राहिली मी. कोणाच्या हातचं, विचारलंसुद्धा नाही." त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि एकदम हसल्या. "फोटो काढला मी तिचा. जेवता जेवता."

इतक्यात केशवराव तक्रार घेऊन आले. शुभाताईंनी कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला.

"मेमध्ये हे दोघं आपल्याच खोलीत येऊन राहिले आहेत म्हणून धरून चाला," त्या म्हणाल्या. "फॅक्सवर तीच जागा आली आहे त्यांना. मी रोज तिकडे जाऊन ओट्यापाशी उभी राहीन. ती बसेल."

"अगं, सात दिवस!"

"तुम्हाला काय झालं? स्वयंपाक तुम्ही करता?"

केशवरावांनी पेनाला टोपण लावलं. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हिशोब कुठं संपतो ते कळत असावं.

सातव्या दिवशी दुपारी शुभाताई सरळ काचेमागे गेल्या. सखूबाई लावणीची सुट्टी नसल्यानं पहाटे खाचरात आणि मग चुलीपाशी, अशी दमलेली होती. शुभाताईंनी तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं, तिला मनगटाला धरून हॉलमध्ये आणलं आणि तीन नंबरच्या टेबलावर बसवलं.

"ह्ये काय करताय?" सखूबाई घाबरून उठायला लागली.

"मे महिन्याचा विसार," शुभाताई म्हणाल्या. "बाकीचं तिकडे."

मॅनेजर धावत आले. "स्टाफनं डायनिंग हॉलमध्ये बसायचं नसतं!"

"त्या स्टाफ नाहीत, साहेब," मी म्हणाले. "सदस्य आहेत. आठवडा एकोणतीस. आज त्यांचा शेवटचा दिवस." नोकरीत इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

काचेमागे शुभाताई आणि चूल यांची झुंज सुरू झाली. चंद्रपूरकडे ज्वारीची भाकर होते, आमच्या तांदळाच्या पिठाशी त्यांची ओळख नव्हती. पहिली भाकरी तव्यावर जाताना दोन ठिकाणी फाटली, दुसरी एका बाजूनं काळी झाली. धुरानं त्यांचे डोळे वाहत होते. हॉलमधले लोक जेवण थांबवून बघत होते, एकानं कॅमेराही काढला, पण मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो परत पिशवीत ठेवला. मग केशवराव खांद्यावर टॉवेल टाकून ताट घेऊन आले आणि सखूबाईपुढे ठेवताना थोडं वरण सांडलं.

सखूबाई ताटाकडे बघत नव्हती. ती काचेकडे बघत होती.

"ह्या बाजूनं असं दिसतंय व्हय?" ती हळूच मला म्हणाली. "म्या अशी दिसती?"

रोज त्याच काचेच्या याच बाजूला उभ्या उभ्या मीही डबा खात होते.

मग तिनं घास घेतला. सावकाश चावला. भाकरी मधे कच्ची होती, ते मला लांबूनही दिसत होतं. दारात मामा उभे होते, चिखलाचे पाय आत कसे आणायचे म्हणून उंबऱ्याबाहेरच. शुभाताई हातात काळी भाकरी घेऊन आल्या, केसांना पीठ, नाकाला काजळी, आणि म्हणाल्या, "आणखी घ्या की."

सखूबाईचा हात ताटावरच थांबला. तिनं मामांकडे बघितलं. मामांनी टोपी काढली.

"पोट भरलंय," ती म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "पर वाढा. वाढा." आणि ती रडत रडत तीन भाकऱ्या जेवली.

चंद्रपूरचं बुकिंग मी त्याच संध्याकाळी मागितलं. एरवी तीन-तीन आठवडे लावणाऱ्या कॉम्प्युटरनं दोन तासांत मंजुरी पाठवली. देशात दुसऱ्या कुणीच ते मागितलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात दोघं गेले आणि आले. मामा उन्हानं रापून एकदम काळे, आणि सखूबाई चक्क जाड झालेली. कंपनीचा नियम असा, की परत आल्यावर पाहुण्यानं गुणांचं कार्ड भरायचं. सखूबाई माझ्यासमोर खुर्चीवर ऐसपैस बसली. मी एकेक प्रश्न वाचत गेले.

"हवामान?"

"भट्टी. घाल पाच."

"परिसर?"

"बगितला न्हाई. ऊन व्हतं. घाल पाच."

"स्वयंपाकघरातल्या सोयी कशा होत्या?"

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "म्या तितं पाऊल टाकलं न्हाई." आणि असं हसली की मामाही हसायला लागले.

मी तेच लिहिलं. "आता शेवटचं, मामी. सगळं मिळून किती गुण? जास्तीत जास्त पाच देता येतात."

"सात."

"पाचच आहेत, मामी."

"सात दिस म्हनली ती, आनखी घ्या की. दोनी टायमाला. सात लिव."

मी सात लिहिलं. पंधरा दिवसांनी मुंबईहून कार्ड परत आलं: गुण चुकीचे भरले आहेत, कॉम्प्युटर स्वीकारत नाही, कृपया दुरुस्त करून पाठवावे. मी नवीन कार्ड घेतलं, पुन्हा सात लिहिलं, आणि या वेळी लाल शाईनं.